घरात दोन राउटर, वीज आली की प्रिंटर गायब: डीएचसीपी नीट कसं लावावं?

खटपट्या (सोमवार, रात्री ९:४२)

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमचं दुमजली घर आहे. खाली फायबरवाल्यांनी बसवलेला राउटर आहे. त्याचं वायफाय वरच्या खोल्यांपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून जोडणी करायला आलेल्या मुलाने आमच्याकडे पडून असलेला जुना राउटर वर लावून दिला आणि खालून लॅनची केबल ओढली. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच आहे.

एरवी सगळं सुरळीत असतं. वीज जाऊन आली की मात्र घोळ सुरू होतो. फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या आणि खाली 'इंटरनेट नाही'. वरचा प्रिंटर 'ऑफलाइन'. फोनचं वायफाय बंद-चालू केलं की कधी जमतं, कधी नाही. बायको घरून ऑनलाइन शिकवते, तिचा तास असा मधेच तुटला की फार वाईट वाटतं.

एक गोष्ट टिपून ठेवली आहे. नेट चालतं तेव्हा फोनचा आयपी पत्ता १९२.१६८.१.७ असा असतो. चालत नाही तेव्हा १९२.१६८.०.१०३ दिसतो. सगळ्या उपकरणांना हातानेच पत्ते घालून टाकावेत का? की राउटरवरचं आपोआप वाटप नीट करता येतं?

---

घाटमाथा (सोमवार, रात्री १०:३०)

खटपट्या, तुम्ही ते दोन पत्ते टिपलेत त्यातच उत्तर आहे. हाताने पत्ते घालायच्या फंदात पडू नका. तुमच्या घरात डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय, दोन ठिकाणी चालू आहे, ते एका ठिकाणी आणायचं, एवढाच प्रश्न आहे.

फोन वायफायला जोडला गेला तरी त्याच्याकडे सुरुवातीला पत्ता नसतो. तो नेटवर्कभर हाक मारतो, 'पत्ता देणारं कुणी आहे का?' जो डीएचसीपी सर्व्हर ऐकतो तो एक पत्ता देऊ करतो. फोन म्हणतो, 'हाच द्या.' सर्व्हर होकार देतो आणि वहीत नोंद करतो: हा पत्ता, या मॅक पत्त्याच्या (म्हणजे उपकरणाच्या जोडणीच्या ओळख क्रमांकाच्या) उपकरणाला, इतक्या वेळासाठी. त्या मुदतीला लीज म्हणतात. पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी येतात: सबनेट मास्क म्हणजे कुठले पत्ते आपल्याच नेटवर्कमधले ते सांगणारा आकडा, गेटवे म्हणजे बाहेर जायचा रस्ता, आणि डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा.

ती पहिली हाक सगळ्यांना ऐकू जाते. तुमच्या वरच्या राउटरचं डीएचसीपी चालू असेल आणि खालची केबल त्याच्या लॅन पोर्टात असेल, तर दोघंही उत्तर देणार, आणि फोन सहसा आधी आलेलं उत्तर धरतो. एकाच वाड्याच्या खोल्या दोन मुनीम आपापल्या वहीतून भाड्याने देऊ लागले, तर जे होईल तेच तुमच्याकडे चाललंय. १९२.१६८.१ वाले पत्ते खालचा राउटर देतो. १९२.१६८.०.१०३ वरच्याने दिलेला आहे, आणि त्याबरोबर गेटवे म्हणून त्याने स्वतःचाच पत्ता सांगितलाय. त्याच्याकडे इंटरनेट कुठे आहे? फोन त्याच्याकडे जातो आणि तिथेच अडकतो. प्रिंटर ०.१०५ वर आणि लॅपटॉप १.९ वर असले तर एकाच खोलीत असूनही ते एकमेकांना सापडत नाहीत.

हे वीज आल्यावरच का होतं, तर फायबरचा डबा उठायला वेळ घेतो. जुना साधा राउटर त्याच्या आधी तयार होतो. घरातली सगळी उपकरणं त्याच वेळी पत्ता मागत असतात आणि तेव्हा उत्तर द्यायला तो एकटाच जागा असतो.

दुरुस्ती अशी. क्रम पाळा, नाहीतर वरच्या राउटरचं पान उघडणंच अवघड होऊन बसेल.

आधी वरच्या राउटरची खालून आलेली केबल काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो त्या राउटरला थेट केबलने जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. लॅनच्या पानावर जाऊन राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो पुन्हा चालू होईल, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा. आता डीएचसीपीच्या पानावर जाऊन ते बंद करा आणि सेव्ह करा. शेवटी खालून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला. वॅनच्या, म्हणजे वेगळ्या रंगाच्या पोर्टात घालू नका.

यानंतर तो राउटर फक्त वायफाय देईल. पत्ते खालचा देईल, वरच्यांनाही आणि खालच्यांनाही.

---

सदाफुली (सोमवार, रात्री ११:०५)

फार सोप्या भाषेत लिहिलंय, वाचनखूण साठवली. माझ्याकडे राउटर एकच आहे, तरी कधीकधी लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतो आणि नेट जातं. हा तिसरा कोण देतो?

---

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ७:१५)

सदाफुली ताई, तो कुणीच देत नाही. लॅपटॉपने हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला पत्ता लावून घेतला. १६९.२५४ ची मालिका यासाठीच राखीव आहे. ती दिसली की समजायचं, डीएचसीपी सर्व्हरपर्यंत हाक पोचत नाहीये किंवा त्याच्याकडे द्यायला पत्ता उरलेला नाही. केबल सैल असेल, राउटर अडकला असेल, कुणी डीएचसीपी बंद केलं असेल.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवा. त्यात 'डीएचसीपी सर्व्हर' अशी एक ओळ असते, तिथे पत्ता कुणी दिला ते लिहिलेलं असतं. लीज कधी मिळाली आणि कधी संपणार तेही त्याच्या आसपास असतं. माझ्या मते घरच्या नेटवर्कच्या निम्म्या तक्रारी ही एक ओळ वाचून सुटतात, आणि लोक मात्र थेट राउटर रीसेट करतात. पत्ता परत मागायचा असेल तर आधी 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज', मग 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू'.

---

सदाफुली (मंगळवार, सकाळी ९:२०)

आणि माझ्या राउटरवर डीएचसीपी चालू आहे की नाही, हे कुठे बघू? सगळे म्हणतात 'राउटरच्या पानावर जा', पण ते पान कुठलं, हे कुणी सांगत नाही.

---

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ९:५०)

रास्त प्रश्न. नेट चालू असताना फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर दाबा, तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' असं लिहिलेलं दिसेल. १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१, जिओच्या डब्यावर १९२.१६८.२९.१, असं काहीतरी. तो पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या तळाच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. आत गेल्यावर तो पहिला बदला.

मग 'लॅन' किंवा 'नेटवर्क' या भागात डीएचसीपी शोधा. तिथे चालू-बंद, सुरुवातीचा पत्ता, शेवटचा पत्ता आणि लीजची मुदत एवढं दिसतं. सुरुवात १९२.१६८.१.१०० आणि शेवट १९२.१६८.१.१९९ ठेवा. शंभर पत्ते घराला भरपूर झाले. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर या नेटवर्कमध्ये एकूण २५४ पत्ते वापरता येतात. त्यातले २ ते ९९ मोकळे सोडले की प्रिंटर, कॅमेरे, दुसरा राउटर यांना तिथे जागा होते.

---

तारओढ्या (मंगळवार, दुपारी १:१०)

मी सीसीटीव्ही बसवतो, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि कॅमेऱ्यांना आम्ही पत्ता हातानेच घालतो. कारण असं की राउटर बिघडला, लोकांनी नवीन आणला, तरी डीव्हीआर आणि कॅमेरे एकमेकांना सापडले पाहिजेत. चोरी झाली त्या रात्री राउटर बंद होता, म्हणून रेकॉर्डिंगच नाही, असं चालत नाही.

शिवाय कॅमेरे पेटीतूनच ठरावीक पत्ता घेऊन येतात. हिकव्हिजनचे बरेच कॅमेरे १९२.१६८.१.६४ वर असतात. चार कॅमेरे एकदम जोडले की चारही ६४ वर. एकेक जोडून प्रत्येकाचा पत्ता बदलावाच लागतो.

---

घाटमाथा (मंगळवार, दुपारी ३:३०)

दादा, मुद्दा पटला. कॅमेऱ्यांना राउटरवर अवलंबून ठेवू नये हे खरं. पण मग घातलेला पत्ता डीएचसीपीच्या रेंजच्या बाहेरचाच हवा, आणि हे घरमालकाला लिहून दिलं पाहिजे. मी पाहिलेली बहुतेक भांडणं इथली आहेत. बसवणारा १९२.१६८.१.१०८ घालून जातो, राउटरची रेंज १०० पासून सुरू होते, आणि महिन्याभराने पाहुण्याच्या फोनला तोच १०८ मिळतो. डीव्हीआर कधी दिसतो, कधी नाही. लोक डीव्हीआर बदलतात.

प्रिंटर, टीव्ही, घरचा संगणक यांच्यासाठी मात्र मी राउटरवरचं आरक्षणच सुचवेन. डीएचसीपीच्या पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असं सापडेल. तिथे उपकरणाचा मॅक पत्ता आणि त्याला द्यायचा आयपी लिहायचा. उपकरण 'ऑटोमॅटिक'वरच राहतं, पण त्याला दरवेळी तोच पत्ता मिळतो. उद्या डीएनएस बदलला, गेटवे बदलला, तर एका ठिकाणी बदलायचं. प्रिंटरच्या दोन ओळींच्या पडद्यावर बाणाच्या बटणांनी एकेक आकडा वर-खाली करत बसायला लागत नाही. काही राउटर आरक्षणासाठी रेंजच्या आतलाच पत्ता मागतात, काही बाहेरचाही घेतात. तुमचा जे मागेल ते द्या.

---

तारओढ्या (मंगळवार, संध्याकाळी ६:००)

रेंजच्या बाहेर, मान्य. आमच्यातले बरेच जण राउटरचं पान उघडून रेंज बघतच नाहीत, कारण मालकाला पासवर्ड माहीत नसतो. लोकांनी तो पासवर्ड जवळ ठेवला तर आमचंही काम सोपं होईल.

---

निळीशाई (मंगळवार, रात्री ९:१५)

मी फोनसाठी आरक्षण केलं होतं, मुलाच्या फोनला रात्री नेट बंद करायला. काही दिवस चाललं, मग फोनला भलताच पत्ता मिळायला लागला आणि रात्रीचं बंधन गेलं. राउटर खराब आहे का?

---

शून्यमंडळ (मंगळवार, रात्री ९:४०)

राउटर ठीक आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर आपला खरा मॅक पत्ता सांगत नाहीत, प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट तयार करून तो देतात. दुकानांनी, मॉलनी माग काढू नये म्हणून ही सोय आहे आणि चांगली आहे. पण फोनमधून नेटवर्क 'फरगेट' केलं, फोन रीसेट केला, किंवा काही फोनवर नुसता काळ गेला, तरी हा पत्ता बदलू शकतो. राउटरला तो नवाच फोन वाटतो.

ओळखायची खूण: मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा. घरच्या नेटवर्कपुरतं ते बंद करता येतं. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या 'प्रायव्हसी'मध्ये 'डिव्हाइस मॅक' निवडा, आयफोनवर 'प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस' बंद करा. मग नव्या मॅकने आरक्षण परत करा. मुलगा ते सेटिंग पुन्हा चालू करू शकतो, हे मात्र लक्षात असू द्या. रात्रीच्या वेळेबद्दल त्याच्याशी बोलणं जास्त टिकेल असं मला मनापासून वाटतं.

---

खटपट्या (बुधवार, सकाळी ८:३०)

घाटमाथा साहेब, काल रात्री तुम्ही सांगितल्या क्रमाने केलं. वरचा राउटर आता १.२ वर आहे, डीएचसीपी बंद, केबल लॅनमध्ये. मुद्दाम मेन स्विच बंद करून परत चालू केला. फायबरचा डबा उठेपर्यंत फोन 'पत्ता मिळवत आहे' असं दाखवत राहिले, मग एकेक करून १९२.१६८.१ वर आले. प्रिंटर १.२० वर आरक्षित केला. बायकोच्या लॅपटॉपवरून छापून पाहिलं, निघालं. मनापासून आभार!

एकच शंका: प्रिंटर काही वेळ जुन्याच ०.१०५ ला चिकटून होता. असं का?

---

घाटमाथा (बुधवार, सकाळी ९:१०)

वा, छान झालं!

प्रिंटरचं असं: लीज संपेपर्यंत उपकरण पत्ता सोडत नाही. मुदतीचा अर्धा वेळ गेला की ते ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्यालाच 'वाढवून द्या' म्हणतं. उत्तर नाही आलं तर साडेसत्याऐंशी टक्के वेळ झाल्यावर कुणालाही विचारतं. मुदत पूर्ण संपली की पत्ता सोडून पहिल्यापासून सुरुवात करतं. तुमच्या प्रिंटरला ज्याने पत्ता दिला तो आता गप्प आहे, म्हणून तो वाट बघत बसला. प्रिंटर बंद-चालू केला असता तर त्याने ०.१०५ च मागून पाहिला असता, खालच्या राउटरने नकार दिला असता आणि तो लगेच नव्याने मागता झाला असता. असे बदल केल्यावर सगळी उपकरणं एकदा बंद-चालू करावीत, ती यासाठी.

---

खडूफळा (बुधवार, दुपारी १२:४५)

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितोय. लातूरला माझा शिकवणीचा क्लास आहे. सकाळच्या बॅचला वायफाय उत्तम चालतं, दुपारच्या बॅचची मुलं म्हणतात 'जोडलंच जात नाही'. पत्ता १६९.२५४ वगैरे काही दिसत नाही, फोन नुसता फिरत राहतो. राउटरवर रेंज १०० ते १४९ आहे, लीज २४ तास.

---

घाटमाथा (बुधवार, दुपारी २:००)

गुरुजी, तुमचे पत्ते संपतात. १०० ते १४९ म्हणजे ५० पत्ते. सकाळच्या मुलांनी ते घेतले, मुलं घरी गेली, पण राउटरच्या वहीत ते पत्ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्याच नावावर. फोन निघताना 'पत्ता परत घ्या' असं सहसा सांगत नाही. दुपारच्यांना द्यायला काही उरत नाही. शून्यमंडळ यांनी सांगितलेल्या बनावट मॅकमुळे एकाच मुलाच्या नावावर दोन-दोन पत्तेही पडले असतील.

रेंज १९२.१६८.१.२० ते १९२.१६८.१.२५० करा आणि लीज एक किंवा दोन तासांची. बॅच संपून थोड्या वेळात पत्ते मोकळे होतील. क्लासच्या संगणकांना आणि प्रिंटरला २ ते १९ मध्ये बसवा. राउटरवर गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर मुलांना तिथेच ठेवा, म्हणजे प्रश्नपत्रिका असलेल्या संगणकापर्यंत कुणी पोचणार नाही.

पण एक सांगून ठेवतो. पत्ते पुरले म्हणजे वायफाय पुरलं असं नाही. घरगुती राउटरचा रेडिओ पन्नास-साठ फोन एकदम जोडले की दमतो. तरीही अडलं तर छताला लावायचा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्या, आणि पत्ते वाटायचं काम मुख्य राउटरकडेच राहू द्या.

---

हडसनकाठ (बुधवार, रात्री ८:२०)

न्यू जर्सीहून. माझ्याकडे डीएचसीपी राउटरवर आहे, पण डीएनएस म्हणून मी घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा पत्ता वाटतो. त्यावर पाय-होल चालतं आणि घरभरच्या जाहिराती बऱ्याच गाळल्या जातात. डीएचसीपीच्या पानावर 'प्रायमरी डीएनएस' असतं तिथे पायचा पत्ता घालायचा, आणि तो पत्ता पायला आरक्षित करायचा. 'सेकंडरी'मध्ये लोक खबरदारी म्हणून ८.८.८.८ घालतात, ते टाळा. दुसरा डीएनएस फक्त पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल याची खात्री नसते. उपकरणं दोन्हीकडे विचारतात आणि निम्म्या जाहिराती तिथून येतात. आई-बाबांच्या ठाण्याच्या घरीही मी हेच लावून आलो.

---

शून्यमंडळ (बुधवार, रात्री ८:५५)

+१. फक्त पाय बंद पडला तर घरच्यांच्या दृष्टीने 'नेट गेलं' असंच होतं, तेव्हा ठाण्यात कुणाला तरी ते डीएनएस परत 'ऑटो' करायला शिकवून ठेवा.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी: डीएचसीपीचा आधीचा अवतार बूटपी, १९८५ चा. डिस्क नसलेल्या संगणकांना सुरू होताना पत्ता मिळावा म्हणून तो आला. त्यात लीज नव्हती. १९९३ मध्ये डीएचसीपी आलं, आणि आज आपण वापरतो ते प्रमाण १९९७ चं आहे. सर्व्हर ६७ आणि मागणारा ६८ हे पोर्ट दोघांचे एकच, म्हणून काही राउटरच्या नोंदींत आजही 'बूटपी' असं दिसतं. घाबरू नका.

---

तारओढ्या (गुरुवार, सकाळी १०:३०)

एक शेवटचं विचारतो, गिऱ्हाईक नेहमी विचारतात. घरात सगळं नीट लावलं, डीव्हीआरला पक्का पत्ता, पोर्ट फॉरवर्डही (बाहेरून आलेली जोडणी राउटरने डीव्हीआरकडे वळवणं) केलं, तरी बाहेरून दिसत नाही.

---

घाटमाथा (गुरुवार, दुपारी १२:१५)

दादा, राउटरच्या वॅन किंवा इंटरनेट पानावरचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या मालिकेतला असेल, तर कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. तिथपर्यंत तुमचं पोर्ट फॉरवर्ड पोचूच शकत नाही. कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक सार्वजनिक पत्ता घ्या, किंवा डीव्हीआर बनवणाऱ्याची क्लाउड सेवा वापरा. वॅनवर १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ चा पत्ता दिसला तरी अडचण तीच, कारण वर आणखी एक राउटर आहे.

खटपट्या, तुमच्यासाठी एक राहिलं. राउटरच्या 'सिस्टम' पानावरून सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून लॅपटॉपवर ठेवा. फायबरवाले दुरून अपडेट पाठवतात किंवा डबा बदलून देतात, तेव्हा रेंज आणि आरक्षणं पुसली जाऊ शकतात. दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर ही फाइल चढणार नाही, म्हणून मॅक आणि आयपीच्या जोड्या वेगळ्याही लिहून ठेवा. नव्या डब्याचा पत्ता परत १९२.१६८.१.१ केलात आणि वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवलंत, तर प्रिंटरला हातही लावावा लागणार नाही.

---

खटपट्या (गुरुवार, रात्री ९:००)

फाइल उतरवली. डब्याच्या मेनूत 'मेंटेनन्स'च्या आत होती, इतरांना शोधायला सोपं जावं म्हणून लिहितो. जोड्यांची यादीही केली: वरचा राउटर १.२, प्रिंटर १.२०, टीव्ही १.२१, बायकोचा लॅपटॉप १.२२. बाकी सगळे १०० च्या पुढे, आपोआप.